काळे चौकोन दाबा

राजाजीनगर, बेंगळुरू
३ जून २०२४

चि. सौ. शालन,

आशीर्वाद, आणि त्याच्या आधी अभिनंदन. पवित्राला इथं नोकरी लागली हे वाचलं आणि तुझं पत्र घेऊन मी थेट स्वयंपाकघरात गेलो. तुझ्या वहिनीला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "उठवा आता सगळी गल्ली." उठवली. समोरच्या मंजुनाथप्पांना मराठीचं अक्षर कळत नाही, पण "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हणत त्यांनी माझा हात हातात घेतला.

जागेचं म्हणशील तर कोरमंगलाच्या आपल्या पीजीत तिसऱ्या मजल्यावर एक बेड एक जुलैला सुटतोय. दोघींची खोली आहे. खिडकी मागच्या बाजूला, म्हणजे रात्री गाड्यांचा आवाज नाही. खोलीतली दुसरी मुलगी अहल्या, कोलारची. तिचे पूर्वज शहाजीराजांच्या काळात इकडं आले ते इकडचेच झाले. मराठी बोलते, पण प्रत्येक वाक्यात एक कानडी 'स्वल्प', म्हणजे जरा, टाकल्याशिवाय तिचं भागत नाही. पोरगी हुशार आहे, पवित्राला सांभाळून घेईल.

आता नियम. तू म्हणशील, चुलतभावाच्या पीजीत भाचीला कसला आलाय फॉर्म? पण मी ह्या गावात आलो तेव्हा शिवाजीनगरात एका खानावळीत भांडी घासत होतो. मालकाचा पुतण्या फुकट जेवून जायचा आणि हिशेब जुळला नाही की शिव्या मला. तेव्हाच ठरवलं होतं, आपलं स्वतःचं काही झालं तर नियम सगळ्यांना एक. मंत्र्याची मुलगी आली तरी फॉर्म, भाची आली तरी फॉर्म.

सोबतच्या चिठ्ठीवर 'निर्धास्त-निवास' नावाच्या कंपनीचा पत्ता लिहिलाय. फोनमध्ये तो टाकला की फॉर्म उघडेल. तिथली पोरं चौकशी करतात आणि मला हिरवा, पिवळा नाहीतर लाल शेरा पाठवतात. कशी चौकशी करता म्हणून विचारलं तर म्हणतात, "डेटा, काका, डेटा." पोलिसांत, बँकेत विचारत असतील. पूर्वी मी माझ्या कानांच्या भरवशावर चालायचो. पोरगी जिना कशी चढते यावरून मला कळायचं, साहेबानं झापलंय की घरून फोन आलाय. पण आता चाळीस बेड झाले, कान पुरत नाहीत. पालक म्हणून प्रतापदाजींचा नंबर घाल.

बाकी ही सगळी गोष्ट फोनवर दोन मिनिटांत झाली असती. पण तू पत्रच लिहितेस, आणि उत्तर शाळेच्या पत्त्यावर मागतेस, कारण म्हणे घरच्या कुत्र्याला पोस्टमन भितो. असो. मलाही पत्र बरं वाटतं. फोनवर लोक मला मधेच तोडतात.

तुझा,
कृष्णातदादा


निपाणी
८ जून २०२४

ती. दादास,

सा. नमस्कार. तुझं पत्र मधल्या सुट्टीत मिळालं आणि त्याच सुट्टीत फॉर्म भरून टाकला. पवित्रा डिग्रीच्या सर्टिफिकेटसाठी कोल्हापूरला गेलीय, पण तिच्यासाठी थांबायची गरज नव्हती. पहिलीतल्या प्रवेशापासून तिचा एकेक फॉर्म मीच भरत आलेय. स्वतःचा रक्तगटसुद्धा ती मला विचारते. शाळेच्या पायरीवर बसले आणि माझ्या फोनवरून भरला.

शेवटी त्या पानानं घाम काढला बघ. "तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा. काळे चौकोन दाबा." पंचवीस चौकोन, त्यातले अकरा काळे. एक चुकला की परत पहिल्यापासून. तिसरीची मुलं भोवती गोळा झाली. "बाई, हा राहिला! बाई, तो कोपऱ्यातला!" शेवटचे दोन तर त्यांनीच दाबले. म्हटलं, दादाच्या पीजीत शिरायचं म्हणजे वर्गाची मदत घ्यावी लागते.

पवित्राला आठ जुलैला कामावर हजर व्हायचंय. सहा तारखेच्या रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलंय. बेड दुसऱ्या कुणाला देऊ नकोस, एवढं माझं ऐक. ती एकदा तिथं रुळली, पहिला पगार तिच्या हातात पडला, की मी मोकळी. मग पुढचं माझं मी बघीन.

ह्यांची तब्येत चांगली आहे. ट्रकचा धंदा बरा चाललाय.

तुझी,
शालन


राजाजीनगर
१४ जून २०२४

चि. सौ. शालन,

हे पत्र एकटी असशील तेव्हा वाच.

पवित्राच्या फॉर्मवर शेरा आला. लाल. चार वर्षांत लाल शेरा मी दोनदा पाहिलाय, म्हणून आधी वाटलं, नावाची गफलत झाली असेल. पण नाव, जन्मतारीख सगळं तिचंच. खाली चार ओळी आहेत. तशाच उतरवतो: "वैवाहिक तंटा, शक्यता अधिक. निवाऱ्याच्या शोधात. कायदेशीर खर्च संभवतो. भाडे थकण्याचा धोका."

शालन, पोरीनं गुपचूप रजिस्टर लग्न वगैरे केलंय का? आणि ते फिसकटलंय का? असलं तर असू दे. माझ्या पीजीत तीन मुली अशा राहून गेल्या आणि आज त्यांचं बरं चाललंय. शेरा लाल असो की हिरवा, बेड तिचाच. नियमाचं मी माझ्यापाशी बघून घेईन. मला फक्त खरं सांग, म्हणजे कोणी दारात येऊन तमाशा केला तर काय बोलायचं ते मला माहीत असेल.

दुसरी गोष्ट. रिपोर्टच्या तळाला बारीक अक्षरात लिहिलंय की तीस जूनला ह्याची प्रत पालकांच्या फोनवर आपोआप जाईल. पालक म्हणजे प्रतापदाजी. त्यांना असं रिपोर्टमधून कळण्यापेक्षा मी आधी त्यांच्याशी दोन शब्द बोलू का? पुरुषाचं पुरुषाशी. काल पवित्राच्या सामानाच्या निमित्तानं त्यांना फोन लावला होता, पण हा विषय काढला नाही. आधी तुला विचारतोय.

त्या फोनवर मात्र एक लक्षात आलं. दाजी अंगणात होते, दूधवाला आला, फाटक वाजलं, गडी-माणसं बोलली. कुत्रं भुंकलं नाही. आणि मी आठवून बघितलं, इतक्या वर्षांत तुमच्या घरून आलेल्या एकाही फोनमध्ये मला कुत्रं ऐकू आलेलं नाही. हे सहज लिहितोय.

आणखी एक डोकेफोड. तू अकरा चौकोन म्हणालीस म्हणून मीही ते पान उघडून बघितलं. मला चारच काळे दिसले. वॉर्डनला सात. कंपनीला फोन केला, तुमचं पान बिघडलंय म्हणून. उचलणारा मुलगा एकदम फार गोड बोलायला लागला. मला ते गोड बोलणं आवडलं नाही.

उत्तर लवकर टाक.

दादा


निपाणी
१८ जून २०२४

दादा,

ह्यांच्याशी एक शब्द बोलू नकोस. सामानाच्या निमित्तानंही नको.

पवित्राचं काही नाही. लग्न नाही, कोणी नाही. ती देवासारखी पोर आहे.

ती प्रत थांबव. कशीही थांबव. का, ते आत्ता विचारू नकोस.

कुत्रं नाही. कधीच नव्हतं.

शालन


राजाजीनगर
२४ जून २०२४

शालन,

तुझ्या चार ओळी मी किती वेळा वाचल्या ते सांगत नाही. आता माझं ऐक. हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल.

पत्र मिळालं त्याच दिवशी कंपनीला फोन लावला. बाई बोलली ती माणूस नव्हतीच, मशीन होतं. कन्नडसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन. एक दाबलं तर इंग्रजी सुरू झालं. शेवटी एक माणूस लागला. म्हणाला, ईमेल करा. ईमेल केलं, तर उत्तर आलं की तुमचा तक्रार क्रमांक असा असा आहे आणि तुम्ही आमच्यासाठी मोलाचे आहात. दुसऱ्या दिवशी तक्रार 'सोडवली' असं आलं. काय सोडवली? कुणी सोडवली? विचारलं तर नवा क्रमांक. शेवटी रिक्षा केली आणि कोरमंगलाला त्यांच्या ऑफिसात जाऊन बसलो.

आत हिरवी हिरवळ प्लास्टिकची, आणि झोपाळ्यावर पोरं लॅपटॉप घेऊन. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "अपॉइंटमेंट इल्ला अंद्रे आगल्ला, सार," म्हणजे अपॉइंटमेंटशिवाय जमायचं नाही. मी म्हटलं, मी इथंच बसतो, मला जेवायलाही घाई नाही. तासाभरानं क्षितिज नावाचा एक मुलगा आला. पुण्याचा. बोलायला लाघवी.

"काका, रिपोर्ट एकदा जनरेट झाला की तो लॉक होतो. ॲक्च्युअली ते तुमच्याच सेफ्टीसाठी आहे."

"माझी सेफ्टी राहू दे. पालकाला जाणारी प्रत थांबव."

"ती ऑटोमॅटिक आहे ना."

"मग पालकाचा नंबर बदल. माझा घाल."

"हो, ते होतं. फक्त ओटीपी जुन्या नंबरवर जाईल."

म्हणजे दाजींच्याच फोनवर! मी म्हटलं, अर्ज नामंजूर करून टाकतो, विषय संपला. तर म्हणे नामंजूर केला की प्रत लगेच जाते, कारणासकट. मंजूर केला तर निदान तीस तारखेपर्यंत राहते. शालन, मी आयुष्यात कॉर्पोरेशनचे कारकून पाहिलेत, वीजबोर्ड पाहिलंय, पण तिथं निदान टेबलापलीकडे कुणीतरी कंटाळलेला माणूस असायचा. त्याला चहा पाजता यायचा. इथं सगळे हसतात आणि कुणाच्याच हातात काही नाही.

मग मी सरळ विचारलं, "बाळा, ह्या ओळी तुम्ही आणल्या कुठून? पोलिसांकडून?"

"नाही नाही, आम्ही कुणाची हिस्टरी बघत नाही. आम्ही फक्त सिग्नल बघतो."

'हिस्टरी' हा शब्द मी काढलाच नव्हता. तो त्यानं काढला. माझे कान टवकारले ते तिथं.

संध्याकाळी पीजीत अहल्याला गाठलं. ती म्हणाली, "अण्णा, स्वल्प थांबा. तुमचा फोन द्या, माझा पण ठेवते." दोन्ही फोन टेबलावर शेजारी ठेवून तेच पान उघडलं. तेच पंचवीस चौकोन. माझ्यात चार काळे, तिच्यात सहा, आणि ते सगळे वेगवेगळ्या जागी. मग तिनं एका चौकोनावर बोट दाबून धरलं, तर खाली एक पत्ता उमटला. दुसऱ्या एका वेबसाइटचा. प्रत्येक चौकोनाखाली असा एकेक.

"अण्णा, तुम्ही नेटवर एखादी निळी लिंक उघडता. नंतर परत पाहिली की ती जांभळी झालेली असते, बघितलंय?"

बघितलंय. कोण नाही बघितलं?

"फोन लक्षात ठेवतो, तुम्ही कुठं कुठं जाऊन आलात. इथं निळ्याच्या जागी पांढरा केलाय आणि जांभळ्याच्या जागी काळा. पानाला स्वतःला रंग वाचता येत नाही, तेवढं फोन त्याला करू देत नाही. म्हणून ते तुम्हालाच विचारतं. काळे कुठले, दाबून दाखवा."

माझा विश्वास बसेना. तेव्हा तिनं वॉर्डनचा कालच घेतलेला कोरा फोन आणला. त्यात दोनच काळे, ते दिखाव्याचे, सगळ्यांनाच दिसणारे. त्यातल्या एका पांढऱ्या चौकोनाखालचा पत्ता तिनं त्या फोनवर उघडला, घरकर्जाचं काहीतरी होतं, आणि परत आली. तो चौकोन माझ्या डोळ्यांसमोर काळा झालेला.

माझ्या चारातले दोन दिखाव्याचे. उरलेले एक बँकेचं आणि एक टकलावर केस उगवणाऱ्या तेलाचं. अहल्या हसली नाही, हे तिचे उपकार. लोकांना वाटतं आपण माणूस असल्याचं सिद्ध करतोय, आणि स्वतःच्या बोटांनी सगळं सांगून टाकतात.

मग मी बाकीचे पत्ते वाचले. कर्ज देणारी ॲपं, त्वचारोग, दारू सोडवणारी केंद्रं. आणि एक अख्खी ओळ घटस्फोटाचे वकील, बायकांसाठीचे निवारे, घरातली मारहाण झाली तर कुठं फोन करायचा ते सांगणारी पानं.

शालन, तू लिहिलं होतंस, "माझ्या फोनवरून भरला." ते मी वाचलं होतं. आणि वाचून सोडून दिलं होतं. मला वाटलं होतं की ते पवित्राच्या नावानं कुठंतरी चौकशी करतायत. ते नावाची चौकशीच करत नाहीत. ज्या फोनवर फॉर्म भरला त्या फोनची करतात.

क्षितिजनं मला निघताना सांगितलं होतं, थोडे पैसे जास्त भरले तर "डिटेल व्ह्यू" मिळतो, एकेक पान कुठलं ते. तेव्हा मला अर्थ कळला नव्हता. आज त्यानं परत फोन केला तेव्हा कळला. मी म्हटलं, मला दाखवलंस तर झोपाळ्यासकट बाहेर फेकीन. तुझ्या अकरांतले कुठले ते मी बघितलेलं नाही, बघणारही नाही. पण मूर्ख नाही मी. कुत्रं नसलेलं घर, शाळेचा पत्ता, आणि ह्या चार ओळी. इतकी वर्षं कानांचा तोरा मिरवला आणि माझ्या बहिणीच्या घरातलं मला ऐकू आलं नाही.

आता कामाचं. फोनमधल्या ब्राउझरमध्ये उजवीकडे तीन टिंबं असतात, तिथं 'इतिहास' मिळेल. सगळा पुसून टाक, आजच. झालेला रिपोर्ट त्यानं बदलणार नाही, पण दाजींनी फोन तपासला तर काही सापडणार नाही. मी रोज त्या ऑफिसात जाऊन बसतोय. एक वकीलही गाठलाय. तीस तारखेला अजून वेळ आहे. आणि तुला इथं यायचं असेल तर रात्री-अपरात्री ये, विचारू नकोस.

दादा


निपाणी, मुक्काम वसुमतीबाईंचं घर
२ जुलै २०२४

दादा,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. वाचून शाळेच्या चुलीत घातलं. फोन पुसला. कॉल पुसायला मी कधीच शिकले होते, मेसेजही पुसायची. फोनला वेगळा इतिहास असतो हे मला ठाऊक नव्हतं.

रविवारी मटण केलं होतं. ताटं वाढली होती. ह्यांचा फोन ताटाशेजारीच असतो. तो वाजला, ह्यांनी डाव्या हातानं उचलला आणि मोठ्यानं वाचायला लागले. वर पवित्राचं नाव. "वैवाहिक तंटा. निवाऱ्याच्या शोधात. हे काय गं?"

पवित्रानं माझ्याकडं बघितलं. एकदाच. दादा, तिला तेवढ्यात सगळं कळलं. मी तिला कधी काही सांगितलं नव्हतं, तिनं कधी विचारलं नव्हतं. ती पाण्याचा तांब्या खाली ठेवून म्हणाली, "मी बघत होते. मैत्रिणीसाठी."

"कुठली मैत्रीण?"

"कॉलेजची. तुम्ही ओळखत नाही."

"नाव?"

तिला नाव सुचेना. खोटं बोलायची सवयच नाही पोरीला. ह्यांनी तिचा फोन काढून घेतला, तिकिटाचा कागद मागवला आणि चार तुकडे करून ताटात टाकले. म्हणाले, "नोकरी नाही आणि बेंगळुरू नाही. उद्या मी स्वतः तुझ्या साहेबाला फोन करून सांगतो."

मी भात वाढत होते. मनात गणित करत होते की आज गप्प राहिले तर माझं गुपित राहतं आणि तिची नोकरी जाते. सहा वर्षं मी हे जमवत होते. वसुमतीबाईंकडं थोडी कागदपत्रं ठेवली होती. पवित्रा आधी निघेल, पगार सुरू होईल, मग दिवाळीच्या सुट्टीत हे गाड्या घेऊन बाहेरगावी असताना मी निघेन. माझं सगळं चोरून होतं, पण वेळ माझी होती. तेवढी एकच वस्तू माझी होती बघ, आणि तीही त्या पानानं ताटात आणून वाढली.

मी म्हणाले, "फोन माझा होता. फॉर्म मी भरला. बघत होते ते मी."

हे आधी हसले. "तुला जमतं होय एवढं?"

पुढचं लिहीत नाही. डाव्या हाताला प्लास्टर आहे, उजवा चालतो, म्हणून पत्र येतंय. पवित्रानं शेजाऱ्यांना हाका मारल्या, पहिल्यांदाच. आम्ही दोघी अंगावरच्या कपड्यांनिशी वसुमतीबाईंकडं आलो. त्या शाळेतल्या माझ्या हेडबाई. त्यांचे यजमान माजी फौजदार आहेत, म्हणून अजून इकडं कुणी फिरकलेलं नाही. माझा फोन तिकडंच फुटला.

तुझ्यावर राग आहे का, असं तू मनात विचारशीलच. आहे. पान तू बनवलं नाहीस, पण त्या पानावर मला तू पाठवलंस. नियम सगळ्यांना एक म्हणालास. सगळ्यांच्या घरात सारखं नसतं, दादा.

तू रोज त्या ऑफिसात जाऊन बसलास हेही माझ्या लक्षात आहे.

वसुमतीबाईंनी सहा तारखेच्या त्याच गाडीची दोन तिकिटं काढून दिलीत.

शालन


राजाजीनगर
५ जुलै २०२४

शालन,

हे पत्र निपाणीवरून जाणाऱ्या रात्रीच्या गाडीच्या ड्रायव्हरजवळ देतोय. उद्या सकाळी तो वसुमतीबाईंच्या यजमानांना फाट्यावर देईल. आज बाईंच्या फोनवर आपण बोललो खरं, पण तू "हं" आणि "बरं" एवढंच म्हणालीस. मागं कुकरची शिट्टी आणि तीन-चार माणसांचे आवाज मला ऐकू येत होते. म्हणून लिहितो.

तुझा राग वाचला. बरोबर आहे, तो मी कमी करून मागत नाही.

निर्धास्त-निवासशी करार मोडला. दाराबाहेर त्यांचा स्टिकर होता तो मी नखांनी खरवडून काढला, गोंद अजून तसाच आहे. परवा रात्री मेसमध्ये सगळ्या मुलींना बसवून अहल्यानं ते पान दाखवलं. मी उभा राहून सांगितलं की तुम्ही इथं राहायला येताना तुमचे फोन असे वाचून घेतले गेले, आणि त्याचे पैसे मी दिले. कुणी ओरडलं नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एक जण म्हणाली, "अंकल, म्हणजे माझं ते डॉक्टरचं...?" आणि तिथंच थांबली. मी म्हटलं, मला फक्त रंग दिसायचा, तुझा हिरवा होता. तिला ते पटलं की नाही मला कळलं नाही. दोघी महिनाअखेर सोडून चालल्यात. बरोबर करतायत.

कंपनीकडून मला काल मेसेज आला. "तुमचा रिपोर्ट पालकांपर्यंत यशस्वीपणे पोचला! अनुभव कसा वाटला? पाचपैकी तारे द्या." तुझा हात मोडला आणि मला तारे मागतायत! मी फोन भिंतीवर मारणार होतो, वहिनीनं काढून घेतला.

वकील म्हणतात, आधी कंपनीकडं रीतसर तक्रार नोंदवल्याचा पुरावा पाहिजे, मग पुढं जाता येईल. रीतसर म्हणजे त्यांच्याच वेबसाइटवर. बसलो आज दुपारी. नाव लिहिलं, तारीख लिहिली, काय झालं ते तुझं नाव न घालता लिहिलं. एका बोटानं मराठी टाइप करायला किती वेळ जातो तुला माहीत नाही. सगळं झालं, 'पाठवा' दाबलं, आणि समोर काय आलं असेल?

"तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा. काळे चौकोन दाबा."

पंचवीस चौकोन. मागच्या महिन्यात माझे चार काळे होते. आज मोजले तर दहा. दोन त्यांचे दिखाव्याचे, एक बँक, एक तेल. उरलेले सहा मी बघत राहिलो. शालन, ते कुठले ते मला ओळखायला वेळ लागला नाही, कारण ह्या आठवड्यात ते मीच उघडले होते. इथली बायकांची हेल्पलाइन कुठं आहे, निपाणीतल्या प्रकाराची फौजदारी तक्रार इथं बेंगळुरूत करता येते का, पोटगीचे वकील, निवारा कसा मिळतो, सगळं तुझ्यासाठी शोधत होतो. सहा वर्षं तू एकटी ज्या पानांवरून फिरलीस त्यांच्यावरून मी सहा दिवस फिरलो. माझा शेरा आता लालच येईल.

एकालाही बोट लावलं नाही. पान बंद केलं. तक्रार कागदावर लिहिलीय, सोमवारी त्या ऑफिसात हातानं नेऊन देणार आहे आणि पोच घेतल्याशिवाय हिरवळीवरून उठणार नाही. त्यांच्याकडं पोच द्यायची पद्धत नाही म्हणे. बघू. पोच मिळाली नाही तर पोलिसांच्या सायबर शाखेत जाऊ. तिथंही काय होईल ते मला ठाऊक नाही, उगाच आशा दाखवत नाही.

गाडी रविवारी पहाटे नवरंगला थांबते, आपल्या घराजवळ. मॅजेस्टिकच्या मोठ्या स्टँडपर्यंत जाऊ नका. मी थांब्यावर उभा असेन. पवित्रा सोमवारी कामावर जाईल. तिच्या साहेबांना दाजींचा फोन गेलाच होता, मी जाऊन भेटून आलो. नोकरी आहे. पीजीत तिचा बेड खिडकीजवळचा केलाय, आणि आता फॉर्म नाही कुणालाच. जिना कसा चढते तेवढं ऐकीन, आणि तेही माझ्यापाशीच ठेवीन.

तू आमच्याकडं राहा. वरची खोली रिकामी केलीय, कडी आतून लागते, सुताराला बोलावून नवी बसवली. मंजुनाथप्पांना फक्त बहीण येतेय एवढं सांगितलंय.

आणि आमच्या गल्लीत एक कुत्रं आहे. खरोखरचं, तांबड्या रंगाचं. पहाटे रिक्षाचा आवाज आला की भुंकेल, घाबरू नकोस. पोस्टमनशी त्याची दोस्ती आहे. वसुमतीबाईंना सांग, पत्र लिहायचं तर घरच्या पत्त्यावर टाका.

दादा